माळाखालची तार

मुरारीच्या डाव्या तळपायाला काहीतरी चावलं. चावलं म्हणजे अगदी चावलं असंही नाही. मुंगी चालता चालता थांबते, विचार करते आणि चावायचं रद्द करून पुढे जाते, तेवढंच. त्याने पाय उचलून तळवा पाहिला. मुंगी नव्हती. काटाही नव्हता. होतं ते फाल्गुनातलं दुपारचं ऊन, तव्यासारखा तापलेला पोलादपूरचा माळ, सहाणेच्या चौथऱ्यावर टेकलेली देवाची पालखी, तिच्याभोवती गुलालाने लाल झालेली माणसं आणि कानांचा भुगा पाडणारे ढोल. पालखीसमोर पायताण चालत नाही म्हणून मुंबईहून आणलेले बूट त्याने पिंपळाखाली काढून ठेवले होते, आणि बुटांविना तो स्वतःला फार लहान वाटत होता. त्याने खाली पाहिलं. तो नेमका चरावर उभा होता. रऊफशेटच्या भातगिरणीपासून निघून, माळ आडवा कापून, थेट देवळाच्या मंडपापर्यंत गेलेला चर; त्यानेच आखलेला, त्यानेच उभं राहून खणवलेला, शिमग्याच्या तोंडावर घाईघाईने बुजवलेला. चराखाली तार होती आणि तारेत वीज होती. सहज सरकल्यासारखं दाखवत मुरारी बाजूला झाला. मुंगीच असणार, असं त्याने मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं, पण त्यावर सही केली नाही.

"काय रे सायबा," मागून हैबती ओरडला, "बूट काढल्यावर पाय सापडले का?" हैबती त्याचा थोरला भाऊ. खांद्यावर पहार, अंगात बंडी, कपाळभर गुलाल. शेजारी त्याची बायको येसूबाई पदराने वारा घेत उभी होती. तिने मंडपाकडे बोट केलं. "भावोजी, तुमचा दिवा दिवसाच पेटलाय. उन्हात दिवा लावनारं तुमचं शास्त्र लय उधळं हाय!" मंडपात काचेचा गोळा जळत होता खरा. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. संध्याकाळी सगळ्या गावादेखत दिवे लागायचे होते, पण मंडळाचे अध्यक्ष रावजी खोत यांना धीर नव्हता; संध्याकाळी दिवा लागेल की नाही हे दुपारीच बघून घ्यायचं, आणि एकदा लागला की विझवायचा नाही, कारण विझवलेला पुन्हा लागेल याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गिरणीतलं ऑईल इंजिन सकाळपासून टुकटुकत होतं. ढोल जरा थांबले की ते ऐकू यायचं. ढोल वाजत असले तरी मुरारीला ते ऐकू येत होतं. त्याच्या बरगड्यांच्या आत कुठेतरी ते बसवलेलं होतं.

खरं म्हणजे तार जमिनीखालून न्यायचं काहीच कारण नव्हतं. मुंबईबाहेर कोण नेतो? चार खांब उभे केले, वरून तार ओढली, संपलं. पण खांबाचं नाव काढल्याबरोबर गावाने कान टवकारले. देवाची काठी मंडपाहून उंच, ती तारेखालून वाकवायची? देव काय चोर हाय वाकून जायला? होळीचं झाड उभं करायचं ते कुठून? तेवढ्यात मोहल्ल्यातून निरोप आला की ताबूतही तारेखालून जाणार नाही. दोन्हीकडची म्हातारी मंडळी एका पारावर बसली आणि इतकी एकजीव झाली की पोलादपुरात तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. वर तार नको. वर देव आहे, वर अल्ला आहे. वीज खालून न्या. रऊफशेट तर खूश झाले. इंजिन त्यांचं, डायनामो त्यांचा, आणि दोन्हीकडचा आशीर्वाद फुकट.

खालून न्यायची तर केबल लागणार, आणि केबल म्हटल्यावर दोन जातीच्या. मुरारीने दोन्हींचे हातभर तुकडे मुंबईहून मागवले आणि महाडला रऊफशेटच्या वखारीत मंडळासमोर ठेवले. एक चिलखती: आत तांबं, त्यावर कागद, त्यावर शिसं, त्यावर ताग आणि सगळ्यात वर पोलादी तारांचा घट्ट पिळा, उचलली तर मनगट खाली जाईल अशी. दुसरी बिनचिलखती: तांबं, रबर, वर डांबरी फीत. काळी, मऊ, गरीब. मंडळाने परीक्षा घेतली. खोतांनी चिलखती तुकड्याने पाठ खाजवून पाहिली आणि समाधानाने डोळे मिटले. कुणी दोन्ही तुकडे तराजूत टाकले. कुणी म्हणालं, घुशीला विचारा, जमिनीखालचं तिला कळतं. म्हणून दोन्ही तुकडे रात्री घुशीच्या बिळापाशी ठेवले. सकाळी दोन्ही तुकडे जसेच्या तसे होते, घुशीने खोतांची चप्पल तेवढी खाल्ली होती. मग देवळाचा चांगू गुरव पुढे झाला. चिलखती तुकडा त्याने नाकाशी नेला, आणि एकदम अंगावर पाल पडल्यासारखा खाली टाकला.

"ह्यात लोखंड हाय."

"पोलाद आहे, चांगूदादा," मुरारी म्हणाला. "त्यासाठीच घ्यायची. उद्या कुणाची कुदळ लागली, पहार लागली—"

"देवाच्या माळात लोखंड पुरायचं म्हंजे देवाला खिळा मारायचा. भुताला झाडाशी खिळून टाकतात तसा. मंग देव उठनार कसा? पालखीत येनार कसा?"

"आणि तुम्ही माळात पहारी मारता त्या कशाच्या? लाकडाच्या?"

"पहार येते नि जाते. ऱ्हात नाय. ऱ्हायलं की बंधन."

हे बोलणं सगळ्यांना पटलं होतं, हे मुरारीला दिसलं. त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःलाही ते क्षणभर पटलं. रऊफशेटने दाढी खाजवली. "अरे, मग मोहल्ल्याच्या अंगाने नेऊ. तिकडे पीर हाय." चांगू म्हणाला, "पीर आमचा शेजारी. शेजाऱ्याला खिळा मारू का, शेट?" रऊफशेट म्हणाले, "तौबा, तौबा," आणि विषय मिटला. मग खोत मुरारीकडे वळले. लहानपणी हेच खोत त्याला 'ए ठकूच्या' म्हणून हाक मारायचे, म्हणजे ठकूबाईच्या पोरा. बापाचं नाव घ्यायची तसदीही नाही. आज त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही शास्त्र जाणता, मुरारीराव. बिनलोखंडाची चालेल ना?" मुरारीराव. ते 'राव' त्या वखारीत, भाताच्या कोंड्याच्या वासात, त्याच्या नावाला येऊन चिकटलं तेव्हा त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. 'चालेल, पण' असं त्याला म्हणायचं होतं. चालेल, पण खोल पुरायला हवी. चालेल, पण जिथे माणसं वर्षानुवर्षं खणत आली तिथे नको. त्याने 'चालेल' म्हटलं आणि तेवढ्यात चहाची बशी पुढे आली. 'पण' चहाबरोबर खाली गेला. त्याने वरून कौलं घालायची अट तेवढी घातली. चरात तार, तारेवर उलटी कौलं, कौलांवर माती. सगळ्यांनी माना डोलावल्या. कौलाला देवाची हरकत नव्हती.

तेव्हापासून त्याला झोप लागत होती, हीच भीतीची गोष्ट होती. झोप लागायची आणि भायखळ्याचा नाका यायचा. मुंबईत वीज कंपनीत वायरमन असताना एकदा तिथे रस्ता खणत होते. भर दुपार होती, ट्रामची घंटा वाजत होती, एक केळीवाला सालं गटारात टाकत होता. एका खणणाऱ्याची पहार जुन्या केबलला लागली. आवाज फार झाला नाही. निळं काहीतरी झालं, एवढंच, आणि भिजलेली गोणी जळल्याचा वास आला. पहार त्या माणसाच्या हातातून गळून पडली नाही. ती त्याला सोडत नव्हती. कुणी मागून हाक मारल्यावर 'कोण?' म्हणण्याआधी माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता, आणि तसाच दिसत राहिला. वरचा साहेब धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, केबल किती खराब झाली? ती केबल चिलखती होती. जुनी होती, गंजली होती, पण अंगावर पोलाद होतं. मुरारीला हेच पुन्हा पुन्हा आठवायचं, की त्या केबलला निदान अंगरखा होता.

ढोलांची चाल बदलली. पालखी उठली. भोयांनी तिला खांद्यावर घेतलं, आणि घेतल्याबरोबर ती त्यांच्या ताब्यात राहिली नाही. माळभर इकडून तिकडे हेलकावत धावू लागली. शेरणं काढायची वेळ झाली होती. दरसाल गावातली दोन माणसं कुणाला न सांगता माळात कुठेतरी नारळ पुरतात, तेच शेरणं. भोई त्या माणसांतले नसतात. देव पालखीला ओढत नेतो, नारळावर नेऊन वाकवतो, आणि पालखी वाकली की तिथे पहार मारून नारळ काढायचा. पहारीचा मान उतेकरांचा, म्हणजे मुरारीच्याच घराण्याचा. बापानंतर हैबतीचा. मुरारी लहान होता तेव्हा एका साली नारळ पुरायचं काम हैबतीवर आलं होतं, आणि हैबती धाकट्या भावाला बरोबर घेऊन गेला होता. किती कठीण ते काम! फाल्गुनात माळ दगड होतो. कुठेही खणा, ताज्या मातीचा लाल डाग कोसभरावरून दिसतो. हैबतीने त्या वेळी वारुळाच्या कडेला जागा शोधली होती. "माती आदीच हाललेली पायजे रे," तो म्हणाला होता. "हाललेल्या मातीत हाललेलं दिसत नाय."

मुरारीने माळावरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा माळ पिवळा, टणक, एकसंध. आणि मधून, एखाद्याने लाल दोरी टाकावी तसा, त्याचा चर. गिरणीपासून मंडपापर्यंत सगळी माती हाललेली. नारळ पुरणाऱ्या माणसाला देवाने दुसरी जागाच ठेवली नव्हती. शिवाय आत कौलं. कौल उचललं की खाली तयार कोनाडा. नारळ ठेवायचा, वरून कौल झाकायचं, नारळाला ओरखडासुद्धा नाही. त्या दोन माणसांना किती आनंद झाला असेल! मुरारीराव आपल्यासाठीच खणून गेले, असंही म्हणाले असतील.

पालखी पिंपळाकडे गेली. त्याने श्वास सोडला. पालखी फिरली, त्याने श्वास धरला. आता ओरडावं का? काय ओरडायचं? मंडळात चालेल म्हणालो ते चालत नाही? भोयांनो, देवाला दुसरीकडे न्या? देव नेतो, भोई नेत नाहीत. तसं म्हणणाऱ्याला माळावरून उचलून नदीत टाकतील. गिरणीकडे धावावं आणि इंजिन बंद करावं. हो, हेच. तो दोन पावलं निघालाही. समोर रावजी खोत उभे होते. "मुरारीराव, कुठे? देव खेळतोय आणि तुम्ही पाठ दाखवता?" त्यांनी त्याचा दंड धरला, मायेने, आणि त्याला लोकांपुढे सगळ्यांना दिसेल असा आपल्या शेजारी उभा केला. तो उभा राहिला. याची त्याला नंतर शरम वाटणार होती, पण त्या घटकेला अध्यक्षांच्या शेजारी उभं राहताना त्याची छाती अर्धा इंच वर आली होती.

पालखी चरावर आली. आली आणि चराच्या कडेने चालत राहिली, जणू तिलाही खालून काही ऐकू येत होतं. मग थबकली. पुढचा दांडा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. लोकांनी एकच गिल्ला केला. हैबती पुढे धावला. त्याने पहारीला कपाळ लावलं, दोन्ही हात वर नेले. ऊन त्या लोखंडावरून घसरत खाली आलं. खच्. माती उडाली. आणखी एकदा खच्, आणि मातीखाली कौल फुटल्याचा आवाज आला. कोरडा, छोटा, बशी फुटावी तसा. हैबतीने पहार तिसऱ्यांदा उचलली.

खोतांचा हात कधी सुटला ते मुरारीला कळलं नाही. आपण ओरडतोय हेही त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी ओरडणं ऐकल्यासारखं वाटलं. "लोखंड नको! लोखंड नको!" तो धावला, भोयांच्या पायांतून घुसला आणि चरावर पालथा पडला. पहार त्याच्या कानाशेजारी मातीत रुतून थरथरत राहिली. तोंडात माती गेली. दात वाजत होते. सगळं अंग लटलट कापत होतं आणि तो ते थांबवू शकत नव्हता. माळ गप्प झाला. ढोल गप्प झाले. मग चांगू गुरवाचा आवाज आला, घोगरा, भरून आलेला.

"आला! अंगात आला!"

"नाही," मुरारी म्हणाला, पण तोंडातल्या मातीमुळे त्याचा फक्त हुंकार निघाला, आणि त्या हुंकारावर शंभर माणसं गुडघ्यांवर बसली. हैबतीने पहार दूर फेकली, आणि त्याच्यामागे पहारी घेऊन आलेल्या पोरांनीही आपापल्या टाकल्या. तो भावाच्या पायांशी वाकला. थोरला धाकट्याच्या पायांशी. त्याचं गुलालाने माखलेलं कपाळ आपल्या टाचेला लागलं तेव्हा मुरारीला रडूच फुटलं, आणि अंगातल्या देवाला रडू येतं हे बघून बायकाही रडू लागल्या.

"लोखंड नको म्हंतो देव," चांगूने सगळ्यांना सांगितलं. "मी वखारीत म्हनलो तेच. हातांनी खना!"

त्यांनी हातांनी खणलं. मुरारीला बाजूला घेऊन दोघांनी दोन्ही दंड पकडून ठेवले, अंगात आलेला माणूस स्वतःला इजा करतो म्हणून. कौलाचे तुकडे निघाले. नारळ निघाला, शेंडीसकट, अखंड. त्याच्या खाली ती काळी तार पडली होती, आणि तिच्या पाठीवर पहारीचं टोक घासून गेलं होतं. रबर सोललं होतं. आत, केसाएवढं, पिवळंलाल तांबं हसत होतं. हैबतीची बोटं त्यापासून वीतभरही लांब नव्हती. मुरारीने झटका देऊन एक हात सोडवला, डोक्याचा फेटा ओढून काढला आणि त्या जागेवर कोंबला. "वा!" खोत गहिवरले. "देवाने पटका दिला."

"अरे दादा, ऐक," मुरारी हैबतीला म्हणाला, हळूच, भावासारखं. "माझ्या अंगात काय नाय. खाली वीज हाय. मरशील."

हैबतीने हात जोडले. "ऐका रे! देव म्हंतो, खाली मीच वीज होऊन बसलोय."

"अरे इंजिन—"

"इंजिन काय, देवा? मोडू?" सगळ्या माना गिरणीकडे वळल्या. पोरांनी टाकलेल्या पहारी पुन्हा उचलल्या. गिरणीच्या दारात रऊफशेट उभे होते, पांढऱ्या कुडत्यात, पालखीसाठी दरसालप्रमाणे साखरेचं ताट घेऊन, आणि इकडे बघून हसत हात हलवत होते. मुरारीने त्या पहारी पाहिल्या, ते ताट पाहिलं. "नको!" तो किंचाळला. "इंजिनाला कुणी हात लावायचा नाही!"

खोत ताबडतोब पारावर चढले. देवाची आज्ञा झाली होती. पहिली, या माळात लोखंड कधीही घालायचं नाही. तार आहे तशीच राहील, आणि पुढे पाणवठ्यापर्यंत न्यायची तीही ह्याच जातीची. दुसरी, इंजिन बंद करायचं नाही. टाळ्या झाल्या. हैबती आणि चांगूने माती पुन्हा लोटली, कौलाचे तुकडे बाजूला ठेवले, ते फुटलेले अशुभ म्हणून. फेट्याचं एक टोक मातीबाहेर राहिलं होतं, त्यावर कुणी हळद टाकली, कुणी कुंकू. मुरारी बघत होता. अजून वेळ आहे, तो स्वतःशी म्हणत होता. फेटा कोरडा आहे, माती कोरडी आहे. ही गर्दी जरा पांगू दे. दंड सुटू देत. मग चालत, अगदी देवासारखं हळू चालत गिरणीत जायचं, आणि रऊफशेटच्या कानात सांगायचं. शेट समजतील. शेट व्यवहारी माणूस.

गर्दी पांगली नाही. तिने वाट करून दिली. पिंपळाकडून येसूबाई येत होती, डोक्यावर भरलेला हंडा, अनवाणी, आणि तिच्या मागे रांगेने गावातल्या सगळ्या बायका, कुणाकडे कळशी, कुणाकडे घागर, कडेवर पोरं. देव जमिनीतून बोलला होता. ती जागा निववायची होती. येसूबाईने हंडा चरापाशी उतरवला, पदर खोचला आणि हंड्याच्या बुडाला हात घातला. पाणी काठापर्यंत आलं.

"दूर व्हा!" मुरारी ओरडला, जीव तोडून. "सगळे दूर व्हा!"

देव पुन्हा बोलला. नीट ऐकू यावं म्हणून सगळा गाव जवळ सरकला.